साडेपाच हजारांत आपले रंग: एका कलर ॲनालिसिस सत्राचा अनुभव

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका सदनिकेत चालणाऱ्या ‘पर्सनल कलर ॲनालिसिस’च्या सत्राला मी गेल्या महिन्यात माझ्या भाचीला घेऊन गेले. शुल्क एकटीसाठी साडेपाच हजार रुपये आणि दोघींसाठी नऊ हजार. वेळ दोन तासांचा. आणि निघताना हातात तीस कापडी तुकड्यांचा, जपमाळेसारखा कडीत ओवलेला एक पंखा. जाहिरातींच्या आणि मासिकांच्या छायाचित्रणासाठी कपडे निवडण्याचे काम मी अठरा वर्षे करते आहे. ‘तुम्हाला कोणते रंग शोभतात ते शास्त्रोक्त पद्धतीने सांगतो’ ही जाहिरात वाचून मला कुतूहल जितके वाटले तितकीच शंकाही आली, आणि दोन्ही घेऊनच मी तिथला जिना चढले. स्टुडिओचे नाव मी लिहीत नाही, कारण ज्या उणिवा दिसल्या त्यांतल्या बहुतेक या पद्धतीच्याच आहेत आणि हे सत्र इतर कुठे घेतले तरी त्या थोड्याफार फरकाने भेटतील, असा माझा अंदाज आहे.

भाची अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या महाविद्यालयात नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या आहेत. तिचा वर्ण सावळा, डोळे आणि केस काळेभोर. “मावशी, मुलाखतीला पांढरा शर्ट घालू की निळा?” या तिच्या एका प्रश्नातून ही सगळी यात्रा घडली. मी तिला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊ शकले असते. परंतु मावशीच्या शब्दापेक्षा तिऱ्हाइताचा शब्द त्या वयात जास्त पटतो, हे मला ठाऊक आहे.

सत्राची सुरुवात शिस्तीत झाली. चेहरा धुऊन, काजळसुद्धा पुसून बसायचे. केसांवर पांढरी टोपी आणि अंगावर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत करडा झगा, म्हणजे केस आणि कपडे या दोहोंचा रंग नजरेतून बाद व्हावा. समोर मोठा आरसा. मग सल्लागार तरुणीने शंभराहून अधिक रंगीत कापडे एकामागून एक हनुवटीखाली अंथरायला सुरुवात केली. कापड अंथरून ती तीन जागा बघायची: डोळ्यांखालचा भाग, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ आणि जबड्याखालची सावली. योग्य रंग असेल तर या तिन्ही जागा निवळतात आणि नजर थेट डोळ्यांकडे जाते. चुकीचा असेल तर आधी कापड दिसते आणि मग माणूस, असा तिचा निकष होता. हा निकष चांगला आहे. कपड्यांच्या दुकानात आरशासमोर उभे राहिल्यावर आपण बहुधा कपड्याकडे बघत असतो, चेहऱ्याकडे नव्हे, आणि ती सवय मोडण्यासाठी हा पहिला अर्धा तास पुरेसा आहे.

हे घडते ते का, हे मात्र सल्लागार तरुणीने सांगितले नाही, आणि सांगितले असते तर पुढची गूढता बरीच कमी झाली असती. छायाचित्रणाच्या वेळी आमचा लाइटबॉय चेहऱ्याच्या खाली, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, पांढरा थर्माकोल धरून बसतो. त्यावरून उसळलेला प्रकाश हनुवटीखालची आणि डोळ्यांखालची सावली भरून काढतो. त्याच जागी काळा कपडा धरला की जबड्याची कड ठळक होते आणि गाल बसल्यासारखे दिसतात. गळ्यापाशी असलेले कापड हा एक लहानसा थर्माकोलच असतो; फिकट कापड प्रकाश वर फेकते, गडद कापड तो गिळते, आणि रंगीत कापड आपल्या रंगाची छटा त्वचेवर टाकते. दुसरे कारण शेजारधर्माचे आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल १८२४पासून पॅरिसच्या गोब्लँ या टॅपेस्ट्रीच्या, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांच्या, कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग निस्तेज निघतो अशी तिथे तक्रार होती, आणि त्यांनी तपासून पाहिले तेव्हा दोष काळ्या रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा आहे, असे निघाले. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा त्यांचा सिद्धान्त १८३९ साली ग्रंथरूपाने आला. त्वचा हाही एक रंगच आहे आणि ओढणी ही तिची शेजारीण.

त्या दोन तासांतला सर्वांत चांगला क्षण मोहरीच्या पिवळ्या कापडाचा होता. भाचीने सातवी-आठवीपासून पिवळा रंग अंगाला लावलेला नाही, कारण कुणा आत्याने एका लग्नात “सावळ्या मुलीने पिवळे घालू नये गं, आणखी काळी दिसतेस” असे चारचौघांत म्हटले होते. सल्लागार तरुणीला यातले काही माहीत नव्हते. तिने ते कापड अंथरले, क्षणभर थांबली आणि हात न काढता म्हणाली, “हा तुमचा रंग आहे.” आणि तो होताच. भाचीची त्वचा त्या पिवळ्याशेजारी एकसारखी आणि तुकतुकीत दिसत होती, डोळ्यांचा पांढरा भाग स्वच्छ दिसत होता. ती आरशाकडे बराच वेळ बघत राहिली. नऊ हजारांतले निदान दोन हजार तिथे वसूल झाले, असे मी मनातल्या मनात मांडले.

त्यानंतर ऋतू सुरू झाले. या पद्धतीत माणसांची विभागणी चार ऋतूंत होते: स्प्रिंग, समर, ऑटम आणि विंटर. पुढे त्यांचे पोटविभाग पाडून बारा प्रकार केले जातात. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवणाऱ्या योहानेस इटेन या स्विस चित्रकाराच्या शिकवणीत ऋतूंच्या रंगसंगती आढळतात. सर्वसामान्य बायकांच्या कपाटापर्यंत ही कल्पना पोहोचली ती १९८० साली कॅरल जॅक्सन या अमेरिकन लेखिकेच्या पुस्तकामुळे. आणि अलीकडे कोरियातल्या स्टुडिओंमुळे तिला नवे आयुष्य मिळाले आहे. या सगळ्या प्रवासात केसांचा आणि डोळ्यांचा रंग हा वर्गीकरणाचा मोठा आधार राहिला. सोनेरी केस आणि हिरवट डोळे असतील तर एक ऋतू, राखी केस आणि निळे डोळे असतील तर दुसरा. जिथे बहुतेक सर्वांचे केस काळे आणि डोळे काळे-तपकिरी असतात तिथे हा आधार निकामी होतो, आणि मग बहुतेकींच्या वाट्याला ‘डीप ऑटम’ किंवा ‘डीप विंटर’ या गडद रंगांच्या प्रकारांपैकी एक येतो. भाचीला डीप ऑटम मिळाला आणि तिच्यापेक्षा बरीच उजळ असलेल्या मलाही डीप ऑटमच मिळाला. आम्हा दोघींना एकच पंखा देण्यात आला, तेव्हा दोघींचे नऊ हजार घेण्याचे कारण काय, हा प्रश्न मी सौजन्यापोटी विचारला नाही.

ऋतूंच्या नावांचीही गंमत आहे. ‘समर’ म्हणजे धुक्यातून दिसावेत तसे फिकट, राखाडी झाक असलेले निळे आणि गुलाबी. आपला उन्हाळा म्हणजे पेटलेला पळस, लालभडक गुलमोहर आणि अंगभर पिवळा झालेला बहावा. ज्या मुलीला ‘तू समर आहेस’ असे सांगितले जाते तिने घरी येऊन खिडकीबाहेर बघितले तर तिचा गोंधळच व्हायचा.

कोणत्या ऋतूत बसायचे हे ठरवण्यासाठी त्वचेचा अंडरटोन, म्हणजे वर्णाखालची झाक, उष्ण (पिवळसर) की शीत (निळसर), हे आधी पाहिले गेले, आणि ते पाहण्याची रीत मला सर्वांत कच्ची वाटली. मनगटावरच्या शिरा हिरव्या दिसल्या तर उष्ण, निळ्या दिसल्या तर शीत. शिरांमधले रक्त हिरवे किंवा निळे नसते. त्वचेत शिरलेला प्रकाश विखुरला जातो आणि शोषला जातो त्यातून तो भास तयार होतो, आणि त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जितके जास्त तितका तो भास बिनभरवशाचा होतो. भाचीच्या मनगटावर मला शिरा नीट दिसल्याच नाहीत. सल्लागार तरुणीला त्या हिरवट दिसल्या. मग सोनेरी आणि चंदेरी कापडाची चाचणी झाली, तीत सोनेरी जिंकले. इथे मला एक वेगळी शंका आहे. आपल्याकडे चांदी पायात आणि सोने कमरेच्या वर, हा रिवाज इतका मुरलेला आहे की गळ्यापाशी चंदेरी काही दिसले की आपल्या डोळ्यांना ते आधीच परके वाटते. नजर सवयीचे मत देत असेल तर ते त्वचेचे मत म्हणून कसे नोंदवावे?

आता मुख्य तक्रार, आणि ती प्रकाशाची. आम्हाला संध्याकाळी साडेपाचची वेळ मिळाली होती. खिडकीतून येणारा उजेड पहिल्या पाऊण तासात मावळला आणि उरलेले सत्र दोन एलईडी दिव्यांच्या भरवशावर झाले. दिवे चांगल्या प्रतीचे होते, हे मान्य. परंतु साडी घेताना आपल्या आज्या-आया ती उचलून दुकानाच्या दारात का नेत असत, याचा विसर पडता कामा नये. दोन रंग ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसतात आणि उन्हात वेगळे निघतात, कारण रंगद्रव्य कोणत्या लहरींचा प्रकाश परतवते हे ठरलेले असले तरी दिव्यात त्या लहरी किती आहेत हे दिव्यागणिक बदलते. पांढऱ्या कापडाच्या बाबतीत तर हा घोळ अधिकच असतो. बाजारातल्या शुभ्र शर्टांवर चकाकी देणारी जी रसायने असतात ती उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतात. घरी नीळ घालून आपण जे साधत होतो त्याचाच हा पुढचा अवतार. नेहमीच्या एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळपास नसतातच, त्यामुळे तोच शर्ट स्टुडिओत साधा पांढरा दिसतो आणि मुलाखतीच्या दिवशी महाविद्यालयाच्या अंगणात निळसर लखलखतो. अशा दिव्याखाली “तुम्ही पांढरा अजिबात वापरू नका, मोतिया वापरा” हा निकाल देणे घाईचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या उजेडात, गॅलरीत, मी भाचीला तिचा कॉलेजचा पांढरा शर्ट आणि माझा मोतिया कुर्ता आळीपाळीने लावून पाहिला. दोन्ही छान दिसत होते. शर्टाच्या पांढऱ्याशेजारी तिच्या काळ्या केसांचा जो ठसठशीत विरोध उभा राहत होता, तो मला व्यक्तिशः अधिक आवडला.

तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र त्या पांढऱ्याच्या विरोधातच गेले, आणि त्याचे कारण त्वचेशी संबंधित नव्हते. मुलाखतीची पहिली फेरी व्हिडिओवर होती. लॅपटॉपचा कॅमेरा समोरच्या दृश्यातला सरासरी उजेड मोजून चित्र किती उजळ ठेवायचे ते ठरवतो. चौकटीच्या खालच्या अर्ध्या भागात लख्ख पांढरा शर्ट असला की कॅमेरा उजेड कमी करतो आणि चेहरा आणखी काळवंडतो. काळा कपडा असला तर उलट होते आणि चेहरा भाजल्यासारखा पांढरट दिसतो. म्हणून मध्यम गडदपणाचे, एकरंगी कापड घ्यावे. बारीक रेघांचा शर्ट टाळावा, कारण पडद्यावर त्या रेघा लाटांसारख्या हलतात. आणि खिडकी पाठीशी न ठेवता तोंडासमोर ठेवावी. मुलाखतीसाठी सल्ला हवा आहे हे आम्ही नोंदणीच्या अर्जात स्पष्ट लिहिले होते. दोन तासांत कॅमेऱ्याचा विषय एकदाही निघाला नाही. नोकरी शोधणाऱ्या मुली आपल्या ग्राहक आहेत असे जाहिरातीत म्हणायचे असेल, तर ही मोठी उणीव आहे.

पंख्याविषयी थोडे. तीस तुकडे, सगळे सॅटिनचे, पॉलिएस्टरचे. सॅटिनच्या चकाकीमुळे रंग आहे त्यापेक्षा फिका आणि थंड भासतो. तोच रंग खादीवर किंवा मलमलवर बसतो तेव्हा खोल आणि शांत दिसतो. आमच्या कपाटात निम्म्याहून अधिक कपडे सुती आणि हातमागाचे आहेत, त्यांच्याशी हे तुकडे जुळवताना फार कल्पनाशक्ती लागते. आणि धूपछाव कापडाचे काय करायचे? इरकल, खण, पैठणी यांत अनेकदा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे वळणागणिक रंग बदलतो. माझी एक साडी सरळ बघितली तर डाळिंबी आणि पदर वळवला तर काळपट हिरवी दिसते. ती ऑटम की विंटर, हे मी विचारले, सल्लागार तरुणी मनापासून हसली आणि म्हणाली, “मॅम, अशी कापडे आमच्या सेटमध्ये नाहीत.” उत्तर प्रामाणिक होते.

पंख्यातल्या रंगांना इंग्रजी नावे होती आणि ती लक्षात राहण्यासारखी नव्हती. घरी आल्यावर भाचीच्या आजीने तो पंखा उलगडला आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून नावे घेतली: आमसुली, विटकरी, शेवाळी, वांगी, हळदी, अंजिरी, करवंदी, मोरपंखी, श्रीखंडी, तपकिरी. तीसपैकी बावीस-तेवीस तरी तिने न अडखळता ओळखले. यातली बहुतेक नावे स्वयंपाकघरातली, परसातली आणि रानातली आहेत, आणि त्यांत रंगासोबत त्याचा पोतही आपोआप येतो. करवंदी म्हटले की वरची काळी झाक आणि आतला लाल रस दोन्ही डोळ्यांपुढे येतात. दुकानात जाऊन ‘टुकडा नंबर सतरा’ दाखवण्यापेक्षा ‘आमसुली दाखवा’ म्हणणे केव्हाही सोपे.

एक गोष्ट मला खटकली ती भाषेची. एखादे कापड चांगले दिसले की सल्लागार तरुणी “यात तुम्ही उजळ दिसता” म्हणायची, आणि वाईट दिसले की “यात डल, काळवंडलेल्या दिसता.” म्हणजे पिवळ्या रंगाने जी गाठ सोडवली तीच शब्दांनी पुन्हा बांधायची. ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाने १९७५पासून मिरवलेला ‘फेअर’ हा शब्द २०२० साली नावातून गळला आणि ते ‘ग्लो अँड लव्हली’ झाले; पण शब्द वेष्टनावरून गेला तरी तोंडातून जायला वेळ लागतो. ‘निवळ’, ‘एकसारखी’, ‘ताजी’ असे कितीतरी शब्द उपलब्ध असताना गोरेपणाच्या फूटपट्टीने कौतुक मोजणे या व्यवसायाला परवडणारे नाही.

ओठांच्या आणि फाउंडेशनच्या रंगाविषयीचा शेवटचा भाग वीस मिनिटांत उरकण्यात आला. विटकरी लिपस्टिकची शिफारस योग्य होती आणि भाची ती आता रोज लावते. फाउंडेशन मात्र मनगटावर लावून दाखवण्यात आले. ते जबड्याच्या कडेला लावून, दहा मिनिटे थांबून, उजेडात बघायला हवे, कारण मनगटाची आणि चेहऱ्याची त्वचा सहसा एका रंगाची नसते आणि काही फाउंडेशन हवेत थोड्या वेळाने गडद होते.

पुढच्या शनिवारी आम्ही तो पंखा घेऊन दादरच्या एका जुन्या मॅचिंग सेंटरमध्ये गेलो. भाचीला मोहरी रंगाच्या कुर्त्यावर आमसुली जाकीट शिवायचे होते आणि अस्तराला टू बाय टू हवे होते. दुकानातल्या काकांनी पंखा हातात घेतला, दोनदा उलटापालटा केला, बाजूला ठेवला आणि कुर्त्याचे कापड मागितले. मग पाठीमागच्या फळ्यांवरून, जिथे एका जांभळ्याच्याच चाळीसेक छटा खालून वर लावलेल्या असतात, त्यांनी न बघता पाच ठाण ओढले, प्रत्येकाचे टोक मनगटावर टाकले आणि “ताई, जरा दारात या” म्हणत स्वतःच पुढे झाले. दारात त्यांनी तीन टोके लगेच खाली सोडली. उरलेल्या दोनांपैकी एक कुर्त्याच्या कापडावर ठेवून त्यांनी भाचीच्या गळ्यापाशी धरले, नजर कापडावरून तिच्या चेहऱ्याकडे गेली आणि मान हलली. सव्वाशे रुपये मीटर, सल्ला त्यातच. पंख्यातल्या आमसुली तुकड्याशी मी नंतर ते ताडून पाहिले. काकांचा रंग दोन छटा अधिक गडद होता आणि जाकीट शिवून आल्यावर त्यांचाच बरोबर ठरला.

तरीही हे सत्र कुणी घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. ज्या मुलीला लहानपणापासून अमुक रंग तुला नाही असे सांगून सांगून कपाटात काळे आणि करडे कपडेच उरले आहेत, तिच्यासाठी आरशासमोरचा तो पहिला एक तास मोलाचा आहे. ऑनलाइन खरेदीत दर महिन्याला दोन-तीन कपडे परत पाठवणाऱ्या बाईचेही पैसे वर्षभरात सुटतील. जिला आईसोबत, मैत्रिणीसोबत दुकानाच्या दारात उभे राहून कापड बघण्याची सवय आहे, तिला मात्र यातून नवे फारसे मिळणार नाही. जायचेच असेल तर सकाळी दहा ते बाराची वेळ मागून घ्यावी आणि ती मिळत नसेल तर नोंदणी पुढे ढकलावी. स्वतःचे चार सुती कपडे सोबत न्यावेत, त्यांत एक धूपछाव असू द्यावा, आणि ते हनुवटीखाली धरून बघण्याचा आग्रह धरावा. दोघींनी मिळून जाण्याआधी दोन पंखे मिळणार की एक, हे फोनवर विचारून घ्यावे. आमचा एकुलता पंखा सध्या भाचीच्या आजीकडे आहे. तिने कडी काढून तुकडे सुटे केले आहेत आणि त्यांतला शेवाळी एका गोधडीच्या कोपऱ्यात लागलाही आहे.